पाच नंबरचे कपडे

"हे घ्या, परत कोरी!" मी पाच नंबरची चड्डी टेबलावर टाकली.

आमच्या ह्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, चड्डी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "मागे गवताचा एक डाग दिसतोय."

"तो बाकावर बसताना लागलेला आहे, खेळताना लागलेला नाही. सव्वीस वर्षं डाग धुतेय मी. मला शिकवू नका."

"बरं बाई, शून्य." ह्यांनी वहीत पेन्सिलीने एक गोल गरगरीत शून्य काढलं, आणि लॉटरी लागल्यासारखे हसले.

दर सोमवारी सकाळी आमचं हे असं चालायचं. मी फुटबॉल क्लबची धुणेवाली. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक लांबट खोली, तिला एकच खिडकी, तीही जमिनीला टेकलेली. तिच्यातून माणसांचे फक्त बूट दिसायचे. दोन मशीन होती. त्यातलं एक चालायला लागलं की चालतच दारापर्यंत यायचं. पण मशीन नंतर. आधी चिखल सिमेंटच्या हौदात हाताने काढावा लागतो, नाहीतर मशीनचा घसा बसतो. त्यामुळे कोण किती लोळला, कोणाला कुठे खरचटलं, कोणी भीतीने पाय मागे घेतला, हे मला कोचच्या आधी कळायचं. कपडे खोटं बोलत नाहीत, अशी माझी समजूत होती.

आणि हे क्लबचे मोजणीकाका. उभी हयात पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली. आकडा दिसला की थांबायचं आणि लिहून घ्यायचं, हे हाडीमाशी खिळलेलं. रविवारी सामना बघता बघता सवयीने मोजायला लागले, ते बावीस वर्षं मोजतच राहिले. कोणी किती वेळा बॉल हिसकावला, किती वेळा डोक्याने उडवला, किती वेळा घसरून अडवला. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. क्लबने फक्त वरच्या पायरीवर एक खुर्ची दिली होती, तिचाही एक पाय मी विटेने सावरला होता. घरीसुद्धा तेच. जिन्याच्या पायऱ्या एकोणीस. मी दिवसातून 'देवा' किती वेळा म्हणते, तेही एकदा मोजून सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

पाच नंबर सहा वर्षांपूर्वी क्लबमध्ये आला तेव्हा मीच म्हणाले होते, "हा नवा बाबा मैदानात हवा खायला जातो वाटतं. शर्टाची घडीसुद्धा मोडत नाही."

पुढच्या रविवारी हे मला वर पायऱ्यांवर घेऊन गेले आणि म्हणाले, "बॉलकडे अजिबात बघू नकोस. फक्त पाच नंबरकडे बघ."

दीड तास मी त्या माणसाकडे बघत होते. लग्नाआधी मुलगा बघायला आला होता तेव्हाही मी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. तो दोन पावलं डावीकडे चालायचा. मग थांबायचा. मग तीन नंबरला हाताने मागे बोलवायचा. समोरचा गडी बॉल घेऊन यायचा, मान वर करून बघायचा, पाच नंबर तिथे उभा दिसायचा, आणि बॉल परत मागे द्यायचा. दर वेळी तेच. मला दोनदा जांभई आली.

"काहीच तर झालं नाही," सामना संपल्यावर मी म्हणाले.

"तेच तर! चोर आला, कुलूप बघितलं आणि परत गेला. आता कुलपाने काय केलं, सांग बघू?"

"काहीच नाही."

"मग काढून टाकू या का?"

तेव्हापासून आमच्या दोघांत 'कोरी' हा शब्द कौतुकाचा झाला. मी कधी वेळेवर चार गोष्टी केल्या, गॅस बंद केला, औषध आठवणीने आणलं, की हे म्हणायचे, "कोरी गं कोरी!" बाहेरच्या माणसाला ह्यातलं काही कळणं शक्य नव्हतं. आणि हेच मी नेमक्या वेळी विसरले.

त्या वर्षी नवे कोच आले. वय कमी, बोलणं स्वच्छ, चालणं भराभर. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणाले, "मी आकड्यांवर चालतो. आकडे कोणाकडे आहेत?" सगळ्यांच्या माना वरच्या पायरीवरच्या खुर्चीकडे वळल्या.

बावीस वर्षांनी माणसाला कोणीतरी विचारलं होतं. घरी आले तर जिन्याच्या पायऱ्या मोजायलाही विसरले. निम्मे सामने झाले होते, पंधरा. क्लबने फक्त अकरा गोल खाल्ले होते. सबंध स्पर्धेत इतके कमी कोणाचे नव्हते. "बचाव एवढा चांगला का आहे, कोणामुळे आहे, ते मला कागदावर द्या," असं कोचने सांगितलं होतं. हंगामाच्या मधल्या सुट्टीनंतर संघ थोडा बदलायचा होता.

आठवडाभर ह्यांनी पक्का तक्ता केला. जाड कागद, दोन रंगांच्या शाया, पट्टीने आखलेले सात रकाने. हिसकावले, अडवले, डोक्याने मारले, घसरले, असे. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "शाई वाळू दे."

मी खांद्यावरून बघितलं. "आणि ते ठिपके कुठायत?"

ठिपके म्हणजे कच्च्या वहीच्या कडेला काढलेले. दुसऱ्या संघाने आपल्या गोलवर बॉल मारला की एक ठिपका. मारायला निघाला आणि पाच नंबरला बघून परत फिरला की पोकळ ठिपका. बावीस वर्षांत ह्यांनी शोधलेली खरी गोष्ट ती होती, असं मला आज वाटतं.

"छे, ते वेडेवाकडे आहेत," हे म्हणाले. "साहेबांना ठिपके दाखवू? काय म्हणतील? कागदावर सातच रकाने बसतात. बाकीचं मी तोंडी समजावून सांगेन."

"घेऊन तरी जा ती वही."

"नको. कळकट आहे ती."

मी पुन्हा सांगितलं नाही. नव्या कोचसमोर आपला माणूस कळकट वही घेऊन उभा राहू नये, असं मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट इथेच सांगते. पाच नंबर तेव्हा तेहतिशीत होता. त्याचा करार असा, की तीस सामन्यांपैकी वीस खेळला तर आणखी दोन वर्षं क्लबमध्ये. राहायची जागा क्लबची, तीही करारासोबत. बायको, म्हातारे सासरे आणि लहान मुलगी तिथेच राहत. पंधरापैकी अकरा सामने तो खेळला होता, चार मांडीच्या दुखापतीत गेले होते. आणखी नऊ हवे होते. तेहतिशीतल्या बचाववाल्याला, ज्याचं नाव पेपरात कधी छापून येत नाही, दुसरा कोणता क्लब घेणार? हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही ठाऊक होतं.

त्या दिवशी मी धुतलेल्या शर्टांचा गठ्ठा घेऊन कोचच्या खोलीत गेले, तेव्हा तक्ता टेबलावर पसरलेला होता. कोच बसलेले, त्यांचे दोन मदतनीस कडेला उभे, आणि समोर हे, इस्त्रीच्या शर्टात. मी गठ्ठा कपाटात लावायला लागले. हळूहळू लावत होते.

"काका, अक्षर फार सुंदर आहे," कोच म्हणाले. "आता मला एक सांगा. तीन नंबरने बॉल हिसकावले अडुसष्ट. पाच नंबरने सतरा. घसरून अडवले, तीन नंबर एकतीस, पाच नंबर दोन. हा माणूस करतो काय?"

"साहेब, त्याच्या बाजूला बॉल येतच नाही."

"का येत नाही?"

"तो तिथे असतो म्हणून."

"म्हणजे तो काही करत नाही, म्हणून तो चांगला?"

मदतनीस हसले. ह्यांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसले.

"तो नव्हता ते चार सामने बघा, साहेब."

"बघितले ना. तो नसताना चार सामन्यांत दोन गोल. तो असताना अकरा सामन्यांत नऊ. भागाकार तुम्हीच करा."

"भागाकार बरोबर आहे," हे म्हणाले. "पण त्या चार सामन्यांत बॉल पाच वेळा दांड्याला लागून परत आला. गोलकीपरने दोनदा तोंडाने अडवला! एरवी आपल्या गोलवर सामन्याला सहा फटके येतात, तेव्हा तेरा तेरा आले. साहेब, गोल नशिबाने वाचतो. एक वाचेल, दोन वाचतील. पण तेराचे सहा नशिबाने होत नाहीत. त्याला तिथे कोणीतरी उभं लागतं."

केवढं शहाणपणाचं बोलले होते! मला टाळी वाजवावीशी वाटली.

"हे फटके कुठे लिहिलेत? तक्त्यात तर नाहीत."

"कच्च्या वहीत."

"कुठाय ती वही?"

"घरी."

कोच खुर्चीत मागे रेलले. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्याही मानेवर क्लबचं मंडळ बसलेलं होतं. "काका, मी मंडळापुढे काय नेऊ? दांड्याने पाच वेळा वाचवलं म्हणून दांड्याशी करार करा, असं सांगू?"

पुन्हा हशा. बावीस वर्षं मोजलेलं सगळं ह्यांच्या ओठांवर येऊन थांबलं होतं, आणि माणूस नुसता तक्त्याची कड बोटाने सरळ करत होता. मला राहवेना. मेलं माझं तोंड!

"साहेब, हे खरं सांगतायत," मी शर्ट हातात धरूनच म्हणाले. "सहा वर्षं त्याचे कपडे मी धुतेय. अहो, धुवायलाच लागत नाहीत! एक डाग नसतो, कोरे असतात कोरे! असा माणूस..."

शोधून सापडायचा नाही, असं म्हणायचं होतं. पण ते म्हणायला मिळालंच नाही. दोघे मदतनीस खो खो हसत सुटले. कोचनेही हसून माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "वा काकू! हा तर घरचा आहेर झाला!" आणि त्यांनी लाल पेन घेऊन ह्यांच्या देखण्या तक्त्यातल्या सतराभोवती एक गोल काढला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

घरी जाताना हे एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, जिना चढल्यावर बोलतील. मग वाटलं, जेवताना बोलतील. ताटात भाजी जास्त खारट झाली होती, तीही मुकाट्याने जेवले. माझी चूक होती, दोन शब्द ओरडले असते तर मला रडायला तरी जागा झाली असती. पण ह्यांनी तेवढंही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कच्च्या वह्या पिशवीत भरून हे कोचकडे गेले. अर्ध्या तासात परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तक्ता मंडळाकडे गेला. तुमच्याच अक्षरात आहे, खाली तुमचीच सही आहे. आता तुम्हीच त्याच्या उलट कसं बोलता?" पिशवी कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. सही माझीच आहे."

पाच नंबर बाकावर बसला. त्याच्या जागी जो आला त्याला आम्ही घरात घसऱ्या म्हणायचो. त्याची चूक नव्हती. जीव तोडून खेळायचा. उभं कसं राहायचं ते कळायचं नाही, त्यामुळे सारखा धावत यायचा आणि स्वतःला जमिनीवर झोकून द्यायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. त्याच्या एका चड्डीला मला पाऊण तास लागायचा. चिखल, गवत, रक्त, सगळं एकात एक मिसळलेलं. पाच नंबरचा एक शर्ट तीन वर्षं टिकला होता, घसऱ्याचे दोन महिन्यांत तीन फाटले.

"ह्याचे हिसकावलेले नऊ," पहिल्या सामन्यानंतर हे म्हणाले. "एकाच सामन्यात. साहेब खूश आहेत."

"आणि ठिपके?"

"सोळा."

कोचने क्लबच्या दारात फळाच लावला. त्यावर दर आठवड्याला घसऱ्याचा आकडा चढायचा. आणि गोलांचाही. एक, दोन, परत दोन, तीन. हे एकदा धीर करून कोचला म्हणाले, "साहेब, बॉल तिप्पट येतो म्हणून हिसकावणं तिप्पट झालंय. ज्या घरात रोज आग लागते तिथे बंबवाल्याला रोज बक्षीस देऊन कसं चालेल?" कोच म्हणाले, "काका, दुसऱ्यांचे फटके मोजू नका. आपल्या पोरांचं काम मोजा."

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की सोमवारच्या टोपलीत एक जोड कमी आहे.

खेळणारे आणि बाकावरचे मिळून सोळा जण. सोळा जोड यायला हवेत, आले पंधरा. पहिल्या सोमवारी वाटलं, विसरला असेल. दुसऱ्या सोमवारीही पंधरा. पाच नंबरचेच नव्हते. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बघितलं तर त्याच्या खुंटीवर शर्ट आणि चड्डी टांगलेली, धुतलेली, इस्त्री केलेली. साबणाचा वास माझ्या साबणाचा नव्हता.

तेवढ्यात तीन नंबर मागून आत आला आणि कोणाला तरी ओरडून म्हणाला, "कोऱ्या आला का रे?"

"कोण कोऱ्या?" मी विचारलं.

तो ओशाळला. "काही नाही काकू. पाच नंबरला म्हणतात सगळे. तुम्हीच नाही का साहेबांना सांगितलंत, त्याचे कपडे कोरे असतात म्हणून?"

मी खाली आले आणि हौदाचा नळ सोडून नुसती उभी राहिले. आमच्या घरातला कौतुकाचा शब्द. सहा वर्षं जपलेला. तो माझ्याच तोंडातून बाहेर गेला आणि त्याच्या पाठीवर जाऊन चिकटला. सव्वीस वर्षं लोकांचे डाग काढणारी मी, आणि हा डाग मीच पाडला होता.

एकदा तो मला बोळात भेटला. मी म्हणाले, "अरे, कपडे का टाकत नाहीस टोपलीत?"

"असू द्या काकू," तो नेहमीसारखा सावकाश हसला. "बसूनच तर असतो. मळतच नाहीत."

मला पुढे बोलायचं होतं. माफी मागायची होती. पण पाठीमागून कोणीतरी येत होतं, आणि मी "बरं बरं" म्हणत निघाले. अशी भित्री मी!

ह्यांनी मात्र अजून नाद सोडला नव्हता. नवी वही आणली. तीत आठ रकाने आखले. आठव्याच्या डोक्यावर लिहिलं, 'जे झालं नाही'. वरच्या पायरीवर बसून दीड तास मैदानाकडे बघत राहायचे, पण पाच नंबर मैदानात नव्हताच, तर भरणार काय? तो असता तर इथे उभा राहिला असता, मग तो पास गेला नसता, मग तो फटका बसला नसता, असं मनाशी लावत बसायचे. लावता लावता समोर चाललेलं लिहायचं राहून जायचं. एकदा घसऱ्याचे आकडे दोनने कमी लागले. कोचने बोलावून घेतलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, वय झालं आता." बावीस वर्षांत ह्यांचा आकडा पहिल्यांदा चुकला होता.

पुढच्या महिन्यात खांबावर कॅमेरा बसला. खुर्ची काढून टाकली. वह्या 'रेकॉर्डला' म्हणून मागून घेतल्या आणि गवत कापायच्या यंत्राच्या मागे, कोठीत रचून ठेवल्या. हे सोमवारी धुण्याच्या खोलीत येऊन बसायचे, पण टेबलावर वही नसायची. मी चड्ड्या धुवायचे, हे खिडकीतून जाणारे बूट बघायचे.

"किती गेले?" मी उगाच विचारायचे.

"मोजले नाहीत," हे म्हणायचे.

शेवटच्या सामन्यात, वरच्या वर्गात टिकायला, बरोबरी पुरली असती. तीन गोल बसले. पहिल्या पंधरा सामन्यांत अकरा खाल्लेल्या संघाने पुढच्या पंधरांत सत्तावीस खाल्ले, आणि खालच्या वर्गात गेला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा पाच नंबर बाकावरून उठला, घसऱ्या मैदानात तोंड झाकून बसला होता, त्याला हात देऊन उठवलं आणि आत घेऊन गेला. त्याचे सामने अकराचे अकराच राहिले.

घसऱ्याला मात्र त्या वर्षीचं सर्वात मेहनती खेळाडूचं बक्षीस मिळालं. कोचना दुसऱ्या मोठ्या क्लबने बोलावलं. जाताना त्यांनी तो तक्ता मागून नेला म्हणे, अक्षर आवडलं होतं म्हणून.

सोमवारी सगळे आपापले कपडे क्लबला परत करायला आले. टोपलीत टाकायचे, "येतो काकू" म्हणायचे आणि जायचे. हे खिडकीपाशी बसले होते. सगळ्यात शेवटी, दुपार टळल्यावर, पाच नंबर आला. दोन शर्ट, दोन चड्ड्या, मोजे. सगळं धुतलेलं, कडक इस्त्रीचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

"काकू, धुवायची गरज नाही," तो म्हणाला. "घरून धुवून आणलंय."

माझा बांध फुटला. "मी चांगल्या अर्थाने बोलले होते रे! देवाशपथ सांगते. मला म्हणायचं होतं..."

"माहीत आहे, काकू. काकांनी सांगितलं."

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"त्याच दिवशी सांगितलं," तो म्हणाला. "तुम्ही जेवणं आटोपून झाकपाक करत होतात म्हणे, तेवढ्यात आले होते. कोरी म्हणजे तुमच्या घरात काय, ते सगळं सांगितलं. माझ्या बायकोला तर रडूच आलं."

त्या दिवशी जेवण झाल्यावर हे काड्यापेटी आणायला म्हणून खाली उतरले होते. काड्यापेटी न घेताच परत आले, आणि विसरलो म्हणाले. मला वाटलं होतं, रागाने पाय मोकळे करायला गेलेत.

"मग कपडे का टाकले नाहीस मला?"

तो म्हणाला, "ती टोपली सगळ्यांसमोर असते ना, काकू."

मी ते पुडकं त्याच्या हातातून घेतलं.

"आता पुढे काय रे?" ह्यांनी विचारलं.

"गोदामात काम मिळालंय. आलेली खोकी मोजून घ्यायची. जागा शनिवारी सोडतोय." मग हसून म्हणाला, "काका, मोजायचं कसं ते शिकवा आता."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दोनदा मोजायचं," ते म्हणाले. "आणि सही करायची घाई करायची नाही."

त्याने वाकून ह्यांना नमस्कार केला, मग मला. खिडकीतून त्याचे बूट जाताना दिसले. सावकाश. दोन पावलं डावीकडे घेऊन कोणाला तरी वाट दिली आणि गेला.

मी वर्तमानपत्र सोडलं. शर्टाची घडी अशी होती, की मोडायला जीव होईना. तरी मी ती मोडली. हौद विसळला, नवं पाणी भरलं, माझा साबण घेतला, आणि पाच नंबरचे कपडे त्यात सोडले. कॉलर घासली, बाह्या घासल्या, मागची बाजू घासली, जिथे बाकाचा डाग लागतो ती जागा पुन्हा घासली.

"धुतलेलेच आहेत ना ते?" हे म्हणाले.

"असू देत."

हे उठून हौदाच्या काठाशी आले आणि माझ्याशेजारी वाकून पाण्यात बघायला लागले. बराच वेळ बघत होते. हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. तिथे पेन्सिल नव्हती.

पाणी शेवटपर्यंत नितळ राहिलं.